तुकडा जोडून घ्या की!

"एवढं शिकलात आणि शेवटी गाडीखालीच आलात?" खालच्या मजल्यावरचे काका काल चारचौघांत म्हणाले. तोंडावर गंजाचा भुगा पडत होता, म्हणून उत्तर द्यायला तोंड उघडता आलं नाही. ते अजून आत सलतंय.

मागची डावी कॉईल स्प्रिंग तुटली होती. तुटते ती बहुधा खालच्या शेवटच्या वेढ्यात. स्प्रिंग ज्यात टेकते त्या वाटीत चिखलपाणी साचतं, रंग उडतो, गंज स्टीलला खड्डे पाडतो; मग रस्त्यातला एक खड्डा पुरतो. पाणी जायला वाटीला भोक असलं तरी तेच आधी बुजतं. हे डिझाइन करणाऱ्याला एकदा त्याच वाटीत बसवलं पाहिजे.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं अवजार, बहुधा लागत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल, मग गाडी उचलून बॉडीच्या ठरलेल्या जागी आधाराच्या घोड्या. बीमखाली जॅक देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे. हे बोल्ट बुशच्या, म्हणजे शॉकअपच्या टोकातल्या रबरी जोडाच्या, नळीत गंजून बसतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. जॅक हळूहळू उतरवताना ब्रेकच्या रबरी पाइपवर आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरवर लक्ष हवं. ताण सुटला की स्प्रिंग हाताने निघते.

निघाली, आणि वाटीतला तुकडा काकांच्या हाती लागला.

"एवढासाच ना? वेल्डिंग करून जोडून घ्या की!"

"काका, हे तापवून, पाणी देऊन कडक केलेलं स्टील असतं. वेल्डिंगची आच लागली की जोडाशेजारी ठिसूळ होतं. तिथंच परत तुटतं."

"आमच्या गेटला केलं होतं. काही झालं नाही."

"गेट खड्ड्यातून जात नाही."

"रोज उघडतं-मिटतं मात्र!"

यावर काय बोलणार?

"आणि उजवी चांगली आहे, ती का काढताय?"

"जोडीनेच बदलायची. जुनी दबलेली असते, गाडी एका बाजूला कलते."

"मग ती मला द्या."

"कशाला?"

"असू दे."

आणि हे बोलता बोलता त्यांनी डिकीला धरून गाडी हलवून पाहिली. घोड्यांवरची! तेव्हा मात्र मी ओरडलो. वयाचा मान ठेवायचा, पण तो एक टनाखाली झोपून नाही.

नवी बसवताना वर-खाली रबरी पॅड हवेतच, आणि स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. नाहीतर पहिल्याच वळणावर ती सरकून 'टक्' करते. शॉकअपचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे दिलेल्या जोरानेच, पक्के करायचे. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडी खाली उतरली. काका मागे जाऊन, एक डोळा मिटून म्हणाले, "मागून वर राहिलीय. बिघडवलीत."

जुन्या दबलेल्या होत्या, म्हणून वर दिसते. मागची बाजू उचलली की हेडलाइटचा झोत खाली येतो, तो परत लावून घ्यावा लागतो. हे काकांना सांगितलेलं नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतील.