माझंच बिल थकवून मलाच कर्ज

काल परत तालुक्याला जाऊन आले. तिसरी खेप. मंदीत छोट्या उद्योगांना आधार म्हणून जे कर्ज देतायत त्याच्या फॉर्मसाठी, कारण कोकम सरबताच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्यात आणि माझ्याकडच्या सहा बायकांना मला घरी बसवायचं नाहीये. तर तो साहेब फाईल उघडून, बोटाला थुंकी लावून एकेक कागद उलटत सातबाऱ्यावर येऊन थांबला. "मॅडम, ह्यावर चौदा नावं आहेत, बाकी तेरा जणांची संमती आणा." अहो त्यातले चौघे वारले, सहा जण मुंबईत, एक चुलत दीर तर गणपतीलाही गावी येत नाही! शेड मी बांधली, मशीन माझं, लायसन्स माझ्या नावावर, आणि सह्या कोणाकोणाच्या गोळा करू? वर ऐकवतो, "लाभार्थ्यांनी सहकार्य करायला पाहिजे."

लाभार्थी! हा शब्द ऐकला की डोकंच फिरतं माझं. एका सरकारी खात्याकडे माझं अकरा महिन्यांपूर्वीच्या मालाचं बिल अडकलंय. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असा 2006 चा कायदा आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, पण ते मागायची हिंमत कोण करतो, पुढची ऑर्डर गेलीच समजा. जीएसटी मात्र मी तेव्हाच भरलाय, एक रुपया हातात आलेला नसताना. माझेच पैसे दाबून ठेवायचे आणि मलाच व्याजाने द्यायचे. शिरा पडो असल्या मदतीवर!

2020 ला पण तेच. 20 लाख कोटींचं पॅकेज म्हणून घरात सगळे टीव्हीला चिकटलेले, आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याचे 3 लाख कोटी म्हणजे काय तर सरकारी हमीवर बँकेचं कर्ज. हप्ते पुढे ढकलले, व्याज चालूच. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट दिलं ते मात्र बरोबर केलं, उपाशी माणसाला द्यायलाच हवं, तेवढं सरकारने करावंच. पण धंदा कसा सावरायचा ते धंदेवाल्याला कळतं हो. माझी मुलगी इकॉनॉमिक्स शिकते, ती सांगत होती, अमेरिकेत 1920 ची मंदी दीड वर्षात सरली, सरकार खर्च कापत होतं तरी, आणि 1930 ला हजारावर अर्थतज्ज्ञ सह्या करून नको नको म्हणत असताना तिथल्या राष्ट्राध्यक्ष हूव्हरने आयातीवरची जकात वाढवली, मग बाकीचे देशही उलटले आणि होता तो व्यापारही बसला. मंदीत सरकारने काहीतरी करून दाखवायलाच पाहिजे हे कोणी ठरवलं? भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आणलीय.

आणि मे महिना कोणासाठी थांबत नाही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, रोखीनेच घ्यावे लागतात, एक मोठा पाऊस लागला की झाडाखाली सडा पडतो आणि दोन दिवसांत कुजतो. कर्ज ठेवा तुमच्याकडे. माझं बिल पावसाआधी काढा.