बाहेरून उघडता येत नाही ते घर सेफ कसलं

एकटी राहते म्हटलं की लोक आधी कुलपाचं विचारतात. सेफ्टी डोअर आहे ना, लॅच कुठलं बसवलंय, रात्री वरची कडी घालतेस ना, खिडक्यांना ग्रिल आहेत का. पुण्यात, त्यातून बाई, त्यातून पन्नाशी उलटलेली, म्हणजे चहा पाजायचा आणि वर सल्लाही ऐकायचा. माझा एक मामेभाऊ तर आला की आधी दाराचं इन्स्पेक्शन करतो, बिजागरीचे स्क्रू हलवून बघतो, मग बसतो. प्रेमापोटी करतात सगळे, कळतं मला. पण ह्या सगळ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं असतं की धोका जिन्यानं वर येतो आणि बेल वाजवतो, तो आत शिरला नाही म्हणजे झालं. मला नाही पटत हे. इतकी वर्षं एकटी राहून माझं मत असं झालंय की एकट्या माणसाला चोरापेक्षा आपलीच आतली कडी जास्त नडते. घर बंद करता येणं सोपं आहे हो, गरज पडली तर आपल्या विश्वासातल्या माणसाला ते बाहेरून उघडता येतं का ते बघा.

चोऱ्या होतच नाहीत असं म्हणत नाहीये, प्लीज खाली पेपरची कात्रणं टाकू नका. पण घरफोडी करणाऱ्याला बहुतेक वेळा बंद घर हवं असतं, मे महिन्यात गावाला गेलेल्यांचं, दिवाळीत कुलूप लावून गेलेल्यांचं. आपण आत लाइट लावून सिरीयल बघत बसलेलो असताना तो कशाला येईल. त्याच्यासाठी एक बरं लॅच, एक सेफ्टी डोअर, दारातली ती भिंगाची भोकं आणि अनोळखी माणसासाठी सेफ्टी डोअर न उघडण्याची सवय, एवढं बास आहे. पार्सलवाल्याशी जाळीतूनच बोलायचं, त्याला राग येत नाही, त्याला फक्त ओटीपी हवा असतो.

आता कडीचं सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, मुलगा बाहेरदेशी, काका जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. काकू तशा हुशार, शेजारी डुप्लिकेट किल्ली देऊन ठेवलेली. कामवाल्या मावशींनी बेल वाजवली, दार उघडेना, आतून कण्हण्याचा आवाज, शेजारीण किल्ली घेऊन धावली आणि किल्ली फिरेचना. कारण रात्री झोपताना काकूंनी लॅचचा आतला तो छोटा खटका खाली केलेला (बऱ्याच लॅचना असतो, तो खाली केला की बाहेरून किल्ली चालत नाही, आपल्या घरी आजच बघा), शिवाय वरची कडी, खालची कडी. म्हणजे किल्ली होती, किल्ली चालवणारं माणूस होतं, आणि सगळं असून उपयोग शून्य. सेफ्टी डोअरची जाळी वाकवून, मग सुताराला बोलावून, मग कोणीतरी १०१ ला, म्हणजे फायर ब्रिगेडला, फोन करून, अशा गडबडीत दार फुटलं एकदाचं. मग बाथरूमची कडी. आणि ती निघाली तरी दार ढकललं जाईना, कारण आपल्याकडची बाथरूमची दारं आत उघडतात आणि काकू नेमक्या दाराला टेकून पडलेल्या! जोरात ढकलावं तर त्यांनाच लागायचं.

काकू आता वॉकर घेऊन खाली बागेत येतात, ठणठणीत आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालं. पण डॉक्टर जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही, की वयस्कर माणसाचं हाड मोडणं एक आणि मोडून जमिनीवर तासनतास पडून राहणं वेगळं. एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबाखालचे स्नायू खराब व्हायला लागतात, त्याचा ताण किडनीवर येतो, पाणी नाही पोटात, फरशी गार, म्हणजे पडल्यानं जेवढं होत नाही तेवढं पडून राहिल्यानं होतं. आणि पडून राहायला लागतं ते कशामुळे, तर आपण सेफ्टी म्हणून लावलेल्या कड्यांमुळे.

तेव्हापासून मी रात्री फक्त लॅच ओढते. खटका नाही, वरची कडी नाही. बाथरूमची कडी तर मी काढूनच टाकली, घरात मी एकटी, कोणापासून दार लावायचंय? पाहुणे आले की गाणं म्हणा म्हणते. बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं करून घ्यायचा खर्च सुतारानं फार मोठा नाही सांगितला, बिजागऱ्या आणि चौकटीची पट्टी फिरवायची असते, तुमच्या पॅसेजमध्ये जागा असेल तर जरूर करा. कमोडशेजारी धरायला स्टीलचा बार लावलाय, तो भिंतीत नीट ड्रिल करून लावायचा, टॉवेलचा रॉड धरून उठायला गेलात तर रॉड हातात येतो आणि तुम्ही खाली. वयाचा प्रश्न नाहीये हा. साबणाचं पाणी तिशीतल्याला काही कन्सेशन देत नाही.

बाथरूमवरून गॅस गिझर. ह्यावर मी जरा तापते. दर हिवाळ्यात बातमी येते, बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले, आणि आपण हळहळून पान उलटतो. गॅस नीट जळायला हवा लागते. छोटी बाथरूम, थंडी म्हणून खिडकी घट्ट, गिझर आतच बसवलेला, मग हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त जोरात चिकटतो, जरा डोकं जड होतं, गरगरतं, आपल्याला वाटतं ॲसिडिटी झाली, आणि बाहेर यावं हे सुचेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं. घरात दुसरं कोणी असेल तर ते म्हणतं, अगं किती वेळ झाला आत. एकट्याला कोण म्हणणार? म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, एकट्यानं गॅस गिझर वापरायचाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत, गरम पाण्याचा फक्त पाइप आत, नाहीतर इलेक्ट्रिकचा घ्या आणि त्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. भाड्याच्या घरात मालक म्हणतो आधीचे भाडेकरू पाच वर्षं वापरत होते, काही झालं नाही. त्याला म्हणावं तू ये आंघोळीला.

स्वयंपाकघरातलं पटकन सांगते कारण बहुतेकांना माहीत असतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली ओट्याखाली साठतो, पाइपलाइनचा हलका, तो वर छताकडे जातो. मूळ गॅसला वास नसतोच, आपल्याला कळावं म्हणून तो मिसळलेला असतो. वास आला की बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही, खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जायचं आणि बाहेरून फोन. सिलिंडर असेल तर १९०६, तो गळतीसाठीच आहे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावर छापलेलं असतं बघा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद.

ग्रिलचं एक राहिलं. बाल्कनीला पूर्ण पिंजरा करून त्यात कुंड्या, जुनी सायकल, कपड्यांचा स्टँड ही आपली पद्धतच आहे. आग लागली आणि दाराकडे धूर असला तर बाहेर पडायला आणि फायर ब्रिगेडला आत यायला ती बाल्कनी एवढीच वाट, तिच्या ग्रिलला उघडणारी झडप ठेवा आणि त्या झडपेच्या कुलपाची किल्ली तिथंच हाताशी खिळ्याला टांगा. कपाटात नाही.

बरं, किल्लीचा हाच मुद्दा तरुण मुलींसाठी बरोबर उलटा आहे, आणि तेही सांगायलाच हवं. हिंजवडीला, खराडीला नोकरीला येऊन वन-बीएचके घेणाऱ्या पोरीचा प्रॉब्लेम किल्ली कोणाकडे नाही हा नाहीये, नको तेवढ्यांकडे आहे हा आहे. मालकाकडे एक, ब्रोकरकडे एक, आधीच्या भाडेकरूकडे एखादी राहिलेली, पेंटरला दिलेली. तिथं शिफ्ट झाल्या दिवशी लॅच बदलायचं, स्वतःच्या पैशानं, मालकाला सांगून, जुनं जपून ठेवायचं आणि घर सोडताना परत लावून द्यायचं. माझ्या भाचीला मी हेच करायला लावलं, मालक थोडा कुरकुरला, मग गप्प बसला. आणि मग तिनं एक किल्ली स्वतः निवडून ऑफिसातल्या मैत्रिणीला दिली. आपण निवडलेलं माणूस, मुद्दा तो आहे.

चोर फोनवरूनही येतो हल्ली, आणि त्याला एकटी माणसं बरोबर सापडतात. तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, खोलीतून उठू नका, कोणाला सांगाल तर अटक. त्या डिजिटल अरेस्टमधली सगळी गोम 'कोणाला सांगू नका' ह्याच्यात आहे. कायद्यात असली अटक नाहीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं तरी शिकलीसवरलेली माणसं तासनतास कॅमेऱ्यापुढे बसून राहतात, कारण शेजारून 'ए, ठेव तो फोन' म्हणणारं घरात कोणी नसतं. मी ठरवून टाकलंय, पोलीस असो, बँक असो, सीबीआय असो, मी म्हणते दार वाजतंय आणि कट करते. पैसे गेलेच तर १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, आणि लगेच, दुसऱ्या दिवशी भावाला विचारून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पडलो-झडलो तर कळणार कोणाला? जपानमध्ये झोजिरुशी कंपनीनं २००१ मध्ये एक चहाच्या पाण्याची किटली काढली, आईनं किटली वापरली की लांब राहणाऱ्या मुलांना मेसेज. मला वाचून हसू आलं, कारण आपल्याकडे हे काम दाराला अडकवलेली दुधाची पिशवी करते. नऊ वाजून गेले आणि पिशवी तशीच, म्हणजे शेजारी बेल वाजवणार. आता दूधही ॲपवरून येतं, पेपर बंद झाले, आणि पिशवी दहाला दिसली तरी लोक म्हणतात झोपले असतील, कशाला डिस्टर्ब.

म्हणून गुड मॉर्निंगच्या फुलांची मी जाहीर बाजू घेणार आहे. चेष्टा करा खुशाल. आम्ही तिघी मैत्रिणी एकएकट्या राहतो, आमचा ग्रुप आहे, सकाळी नऊच्या आत काहीतरी पाठवायचं, गुलाब पाठवा, सूर्य पाठवा, नुसता डॉट पाठवा. नाही आला तर फोन. फोन उचलला नाही तर जिच्याकडे किल्ली आहे त्या शेजारणीला फोन, आणि तिनं बेल वाजवून उत्तर नाही आलं तर सरळ दार उघडून आत जायचं, संकोच करायचा नाही, हे आधी तोंडी ठरलेलं. हा शेवटचा भाग लोक ठरवत नाहीत. 'काळजी घे हं' म्हणतात आणि ठेवतात. काळजी कोणी घ्यायची, कितीला घ्यायची आणि दारात आल्यावर काय करायचं हे बोलून घ्या. एकदा मी उशिरा उठले तर शेजारीण बेडरूमच्या दारात उभी, मी केस विस्कटलेली, दोघीही दचकलो. मग चहा केला.

फोनचंही करून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, सेटिंगमध्ये जाऊन आपल्या माणसांचे नंबर घालावे लागतात, आणि रक्तगट, गोळ्या, ॲलर्जी हे लॉक स्क्रीनवर दिसेल असं ठेवता येतं. ११२ सगळ्यासाठी, ॲम्ब्युलन्सला १०८, ज्येष्ठांसाठी १४५६७. आणि हे बाथरूममध्ये फोन नेला असेल तरच उपयोगाचं, तेव्हा बादलीत पडेल म्हणून घाबरू नका, उंचावर नको, खाली पडून हात पुरेल अशा उंचीला एक स्टँड लावा.

ज्येष्ठांनी अजून एक करावं, जवळच्या पोलीस चौकीत नाव नोंदवून यावं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालच्या नियमांत एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवायची असं आहे. ते येतील, न येतील, आपलं नाव तिथं असू दे.

आता तुम्ही विचाराल, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच, की किल्ली द्यायला माणूसच नसेल तर? नव्या शहरात, बाराव्या मजल्यावर, समोरच्या फ्लॅटवाल्याचं नाव माहीत नाही. मान्य, आणि ह्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. सोसायटीच्या ऑफिसमध्ये सीलबंद पाकिटात किल्ली ठेवता येते, सही वरून मारायची, पाकीट फुटलं तर कळतं, पण सेक्रेटरी धड माणूस हवा. दुसरं म्हणजे नंबरवालं डिजिटल लॉक, जे काही हजारांत येतं. त्यात नंबर फोनवरून सांगता येतो, म्हणजे तुमचं माणूस नाशिकला असलं तरी वॉचमनला नंबर देऊन दार उघडायला लावू शकतं, आणि काम झालं की तुम्ही नंबर बदलता. फक्त घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा, आतून लॉक केल्यावर बाहेरचा नंबर चालतो का, आणि सेल संपले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा चार्जर टेकवून उघडायची सोय आहे का. बऱ्याच मॉडेलला असते, खालच्या बाजूला दोन छोटे ठिपके असतात. नसेल तर दुसरं दाखवा म्हणायचं.