खिडकी उघडणं हे मुलांचं काम नाही

साथीची नुसती कुणकुण लागली की एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. २०२० च्या कोविडच्या साथीपासून तो मी बऱ्याच रूपांत वाचला आहे, गाभा मात्र तोच: "लहान मुलं मास्क लावत नाहीत, अंतर पाळत नाहीत, त्यामुळे साथ चालू असताना प्राथमिक शाळा सुरक्षितपणे उघडणं अशक्य आहे." खाली पुरवणीसारखे बाकीचे मुद्दे जोडलेले असतात. शाळेतूनच साथ पसरते. मुलं घरी आजार आणतात. ताप मोजणं, सॅनिटायझर वगैरे सगळा देखावा आहे. एक मूल बाधित निघालं की शाळा पुन्हा बंद करावीच लागते. अभ्यास ऑनलाइन होतोच आहे. तेव्हा रुग्णसंख्या शून्यावर येईपर्यंत थांबा. शेवटी हात जोडलेले, आणि "एका जबाबदार पालकाकडून".

मी प्राथमिक शाळेत शिकवते. या पालकाची काळजी मला खोटी वाटत नाही. देखाव्याच्या मुद्द्यावरून तर मी स्वतः स्टाफरूममध्ये वाद घातलेले आहेत. माझा आक्षेप आहे तो "अशक्य" या शब्दाला.

"मुलं नियम पाळत नाहीत." मान्य, अगदी बिनशर्त. सहा वर्षांच्या मुलाचा मास्क पहिल्या तासाला नाकाखाली असतो, दुसऱ्या तासाला हनुवटीवर, आणि मधल्या सुट्टीनंतर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडावर दिसतो, कारण त्याच्यावर वाघाचं चित्र आहे. अंतराचं तर बोलूच नका. एकाला खोडरबर सापडलं की चार डोकी एकत्र येतात. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढण्याआधी एक विचारायला हवं: साथीत ज्या गोष्टींनी फरक पडला, त्या मुलांच्या हातात होत्या का?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये १६९ प्राथमिक शाळांची पाहणी झाली. जिथे शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता, तिथे रुग्णांचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळलं. जिथे वर्गातली हवा खेळती करण्यासाठी काहीतरी केलं होतं, तिथे ३९ टक्क्यांनी कमी. आणि जिथे मुलांना मास्क सक्तीचा होता? तिथेही आकडा कमीच होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक खात्रीचा ठरला नाही. ही पाहणी आहे, प्रयोग नाही, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. तरी त्यांचा रोख लक्षात घ्या. मोठ्यांनी करायच्या दोन गोष्टींचा परिणाम ठळक दिसला, आणि मुलांच्या शिस्तीवर अवलंबून असलेली गोष्ट मागे राहिली.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीचं, मे २०२१ मधलं. मला ते जास्त टोचतं, कारण त्यातली चूक मी सहज केली असती. एका प्राथमिक शाळेत सगळं नीट होतं. बाकांमध्ये सहा फूट अंतर, दारं-खिडक्या उघड्या, वर्गात हवा गाळणारं यंत्र, सगळ्यांना मास्क. लस न घेतलेल्या एका शिक्षकाला नाक चोंदल्यासारखं आणि थकल्यासारखं वाटत होतं. ॲलर्जी असेल म्हणून दोन दिवस वर्ग घेतला, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना मधूनमधून मास्क खाली केला. वर्गात २४ मुलं होती, त्यांतली १२ बाधित झाली. शिक्षकाच्या टेबलाजवळच्या दोन रांगांतल्या १० मुलांपैकी ८, आणि मागच्या तीन रांगांतल्या १४ पैकी ४. वर्गाबाहेर धरून साखळी २७ जणांपर्यंत गेली.

मेसेजवाला हे वाचून म्हणेल, बघा, एवढं करूनही पसरलंच ना! पण पसरवलं कोणी? ती मुलं जागेवर बसून गोष्ट ऐकत होती. नियम मोडला तो मोठ्या माणसाने, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे अंगात कसर असताना ते माणूस कामावर आलं. आपण शिक्षक याबाबतीत फार वाईट आहोत. घसा बसलेला असताना शिकवायला उभं राहणं याला आपल्याकडे निष्ठा म्हणतात. बदली शिक्षक नसतो, रजा कापली जाते, वरिष्ठांची भुवई वर जाते, म्हणून माणूस गोळी घेऊन येतो. शाळा सुरक्षित उघडायची असेल तर पहिला कागद निघायला हवा तो हा, की बरं नसेल तर घरी थांबा, रजा कापली जाणार नाही. मुलांसाठी काढलेल्या सूचनांच्या ढिगात हा कागद सहसा नसतो.

आता हवा. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम असतं, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग. आपल्या उच्छ्वासात तेच ४०,००० च्या आसपास जातं. तीस मुलांचा वर्ग दारं-खिडक्या लावून घेतला तर कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा तासाभरात सहज १५०० ओलांडतो, आणि २००० लाही पोचतो. २००० चा साधा अर्थ असा, की वर्गातल्या प्रत्येकाच्या दर चोवीस-पंचवीस श्वासांमागे एक श्वास आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला आहे. हवेतून पसरणाऱ्या आजाराला आणखी काय हवं? समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की हा आकडा काही मिनिटांत खाली येतो. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेने २०२० च्या शरदात शाळांना सांगितलं होतं, दर २० मिनिटांनी खिडक्या सताड उघडा आणि ३ ते ५ मिनिटं उघड्या ठेवा. थंडीतसुद्धा. ब्रिटनने २०२१ मध्ये शाळांना असे सुमारे ३ लाख मीटर द्यायचं जाहीर केलं, ते याच आकड्यावर नजर ठेवण्यासाठी. आणि जिथे खिडकीच नाही, तिथे चौकोनी पंख्याला चार-पाच फिल्टर चिकटपट्टीने जोडून केलेला खोका चालतो. पर्यावरण अभियंता रिचर्ड कॉर्सी आणि फिल्टर बनवणारे जिम रोझेंथल यांच्या डोक्यातून २०२० मध्ये निघालेला हा जुगाड अनेक शाळांत मुलांनीच बसून बनवला.

ही कल्पना नवीनही नाही. क्षयाच्या भीतीने १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये झाडांखाली शाळा भरली होती. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात भर हिवाळ्यात उघड्या खिडक्यांच्या वर्गात मुलं बसवली, अंगाभोवती उबदार पिशव्या गुंडाळून. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, आणि मुलं तेव्हाही चुळबुळीच होती.

मी ज्या शाळेत होते तिथल्या एका वर्गाच्या दोन खिडक्या रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून बसल्या होत्या. शाळा पुन्हा उघडायची म्हणून फरशीवर गोल रंगवून झाले, फलक लागले, सॅनिटायझरचे कॅन आले. खिडक्यांसाठी सुतार बोलवायला मात्र दीड महिना लागला.

म्हणजे देखाव्याच्या मुद्द्यावर मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. फाटकात कपाळाला बंदूक लावून ताप मोजण्याने फारसं काही हाती लागत नाही. बाधित मुलांपैकी बऱ्याच जणांना ताप येतच नाही, आणि ज्याला येतो त्याला सकाळी औषध पाजलं की फाटकावर तो नॉर्मल. जंतुनाशकाचे फवारे माणसांच्या अंगावर मारू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारणपणे दहा हजारात एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं. हात धुवावेत, जुलाबापासून सर्दीपर्यंत अनेक आजारांसाठी ते चांगलंच. पण बाक पुसण्यात जाणारा तास खिडक्यांकडे द्यावा. चूक होते ती पुढच्या उडीत: देखावा निरुपयोगी, म्हणून सगळंच निरुपयोगी.

"शाळेतूनच साथ पसरते." कधी पसरते, कधी नाही, आणि तो फरक नशिबाचा नसतो. इस्रायलने मे २०२० मध्ये शाळा पूर्ण उघडल्या. काही दिवसांतच जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. एका वर्गात ३५ ते ३८ मुलं, उष्णतेची लाट म्हणून मास्कला सूट, आणि एसी सतत चालू. याउलट अमेरिकेतल्या वुड काउंटीत १७ शाळा, साडेपाच हजार मुलं आणि कर्मचारी, २०२० च्या शरदातले तेरा आठवडे: एकूण १९१ रुग्ण, आणि त्यांतले शाळेत लागण झालेले फक्त ७. तिथे मास्क सगळ्यांना होते आणि मुलांचे गट छोटे होते. बाहेर साथ जोरात होतीच.

"मुलं घरी आणतात." हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. स्वीडनमध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांच्या शाळा २०२० च्या वसंतात चालू होत्या आणि त्याहून मोठ्यांच्या बंद. तिथे तुलना झाली तेव्हा चालू शाळांतल्या शिक्षकांमध्ये संसर्ग जवळपास दुप्पट निघाला. पालकांमध्येही वाढ होती, पण थोडी. म्हणजे उघड्या शाळेचा सर्वांत मोठा धोका तिथे काम करणाऱ्या मोठ्यांनी उचलला. म्हणूनच लस आली तेव्हा शिक्षकांना रांगेत पुढे घ्या असं आम्ही म्हणत होतो, आणि तो हट्ट नव्हता. पण शाळा बंद ठेवली म्हणजे मूल बाधित होत नाही, हे गृहीतक तपासा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२१ च्या जून-जुलैमध्ये रक्ताच्या नमुन्यांची देशव्यापी पाहणी केली. ६ ते ९ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. या मुलांच्या शाळा बहुतेक ठिकाणी सव्वा वर्ष बंद होत्या. विषाणू त्यांच्यापर्यंत पोचला तो घरातल्या आणि शेजारच्या माणसांकडून.

(याच्या उलट मेसेजही फिरतो, "मुलांना काहीच होत नाही" असा. तोही खोटाच. कोविडनंतर काही आठवड्यांनी काही मुलांच्या हृदयासह अनेक अवयवांना सूज आली. असं क्वचित झालं, पण झालं.)

एक मूल बाधित निघालं की शाळा बंद करावी लागते, हे तेव्हाच खरं, जेव्हा शाळेत सगळे सगळ्यांत मिसळतात. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला, युरोपात सर्वांत आधी, पाचवीपर्यंतची मुलं परत आणली. छोटे गट, प्रत्येक गटाला ठरलेला शिक्षक, खेळायला वेगळी जागा, आत यायच्या वेळा वेगळ्या, जमेल तेवढं शिकवणं अंगणात. त्यानंतर तिथली रुग्णसंख्या उसळली नाही. अशा रचनेत एक मूल आजारी पडलं तर एक गट घरी बसतो. पुढे तेही कमी करता येतं असं दिसलं. इंग्लंडमध्ये २०१ माध्यमिक शाळा-महाविद्यालयांत बाधितांच्या संपर्कातल्या मुलांना घरी बसवण्याऐवजी रोज चाचणी करून वर्गात बसवून पाहिलं, आणि संसर्ग वाढल्याचं आढळलं नाही. संपर्कातली बाधित झालेली मुलं दोन्ही पद्धतींत दोन टक्क्यांच्या आत होती. हे मोठ्या मुलांचं आहे, पण प्राथमिकच्या मुलांचे गट बांधणं त्याहून सोपं. त्यांचा वर्ग एक, बाई एक, विषयागणिक खोली बदलत नाही.

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही, ज्याने पहिलीच्या मुलाला मोबाइलवर "ळ" काढायला शिकवलाय त्याला सांगायची गरज नाही. एकच आकडा. नेदरलँड्समध्ये शाळा आठच आठवडे बंद होत्या, घरोघरी इंटरनेट, सगळी सोय. तरी ८ ते ११ वयाच्या मुलांच्या परीक्षा तपासल्या तेव्हा सरासरी नुकसान वर्षाच्या पाचव्या हिश्श्याएवढं निघालं, म्हणजे घरी बसलेल्या काळात मुलं जवळपास काहीच शिकली नाहीत. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत अधिक. जिथे घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप कामावर जातो, तिथे काय झालं असेल ते आम्ही परत आलेल्या चौथीच्या वर्गात पाहिलं. जोडाक्षर आलं की मुलं फळ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची.

राहिला शून्याचा मुद्दा. कोविडची रुग्णसंख्या शून्यावर आली नाही, आजही आलेली नाही. त्या सल्ल्याने चाललो असतो तर २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल अजून शाळेची पायरी चढलं नसतं. सुरुवातीचे काही आठवडे, विषाणूची ओळखच नसताना, शाळा बंद करणं मला चूक वाटत नाही. पुढची साथ फ्लूची असेल तर कदाचित जास्त दिवसही बंद ठेवाव्या लागतील, कारण फ्लू मुलं जोरात पसरवतात. पण ते आठवडे कशासाठी वापरायचे, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. माझ्या मते सुतार बोलवायला, पट गटांत विभागायला, रजेचा कागद काढायला आणि अंगणात सावलीची जागा शोधायला. हे सगळं चार आठवड्यांत होतं.