वायफायची ट्रान्समिट पॉवर उतरवून बॅटरी दोन तास वाढत नाही

'ट्रान्समिट पॉवर (वायफाय सिग्नल पाठवण्याची ताकद) निम्मी करा, 5 गिगाहर्ट्झ सोडून 2.4 वर या, ब्लूटूथ बंद ठेवा. लॅपटॉप दोन तास जास्त चालेल,' असा सल्ला सध्या फिरतोय. आधी हिशेब करू. 50 वॅट-अवरची बॅटरी 5 वॅट खपावर 10 तास पुरते. 12 तास हवे असतील तर खप 4.17 वॅटवर यायला हवा. नुसत्या जोडलेल्या, नीट झोपणाऱ्या वायफाय कार्डाकडे वाचवायला 0.83 वॅट नसतातच.

ट्रान्समिट पॉवर 20 डीबीएमवरून (सिग्नलच्या ताकदीचं एकक) 17 वर आणली की 100 मिलिवॅटचे 50 होतात. सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बरीच वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे बचत याच्या काही पट होते, हे मान्य. पण ती फक्त पाठवण्याच्या क्षणांपुरती. राउटर लांब असला तर उलटंच होतं: कार्ड कमी वेगावर उतरतं, फ्रेम (डेटाचा तुकडा) पुन्हा पाठवावी लागते आणि रेडिओ जास्त वेळ जागा राहतो.

खरा खर्च ऐकत बसण्याचा. पॉवर सेव्ह, म्हणजे काम नसताना कार्डाला झोपवणारी सोय, बंद असेल तर रिसीव्हर अखंड चालू. सुरू असेल तर सहसा 102.4 मिलिसेकंदांनी येणाऱ्या बीकनपुरता (राउटरची ठरावीक हाक) उठतो, राउटरने काही राखून ठेवलं नसेल तर परत झोपतो. लिनक्सवर नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह'ला (wifi.powersave) 3 द्या, म्हणजे सुरू. 2 म्हणजे बंद. काही राउटरांशी मात्र यामुळे पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारते, एसएसएच (दूरच्या संगणकावर काम करायची जोडणी) अडखळतं. मग लोक ते बंद करतात आणि विसरून जातात.

2.4 बद्दलच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे: 80 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल ऐकायला वीज जास्त लागते. पण 2.4 वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. तिथल्या गर्दीत तेच डाउनलोड लांबतं. मध्ये दोन-तीन भिंती असतील, तेव्हा 2.4 ठीक.

ब्लूटूथला काही जोडलेलं नसेल तर तो जवळपास काहीच खात नाही. अडचण वेगळीच असते: त्याचं यूएसबी ऑटोसस्पेंड (रिकामं असताना आपोआप झोपणं) किंवा वायफाय कार्डाचं एएसपीएम (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडणीची वीजबचत) बंद असेल तर प्रोसेसर खोल पॅकेज सी-स्टेटमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, उतरतच नाही, आणि हे नुकसान रेडिओच्या खपाहूनही मोठं ठरू शकतं. लिनक्सवर विजेचा खप दाखवणाऱ्या पॉवरटॉपच्या 'आयडल स्टॅट्स'मध्ये ते दिसतं. मोजताना चार्जर काढा, ब्राइटनेस एकच ठेवा, एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक वेळी निदान 10 मिनिटं थांबा. पहिल्या मिनिटाचे आकडे फसवे असतात.