विकिपीडियावरची भटकंती आणि रखडलेलं काम

पानिपतच्या तिसऱ्या लढाईवर दोन पानं लिहायची म्हणून विकिपीडिया उघडायचा. तिथून अहमदशाह अब्दाली, मग कोहिनूर, मग कोल्लूरची हिऱ्याची खाण, आणि शेवटी एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. तास संपलेला आणि १४ जानेवारी १७६१ या तारखेपुढे एक ओळ लिहिलेली नाही.

याला सरसकट आळस म्हणणं मला पटत नाही. रील्स बघताना वेळ वाया जातोय हे कळत असतं. ज्ञानकोशात मात्र अभ्यास चालल्यासारखं वाटतं, म्हणून ही टाळाटाळ लवकर लक्षात येत नाही. ती बहुतेकदा कामाची पुढची पायरी धूसर असते तिथेच सुरू होते. 'पानिपतवर लिहायचं' याला सुरुवातच सापडत नाही. 'मराठ्यांची रसद कशी तुटली?' हा प्रश्न लिहिता येतो.

म्हणून पान उघडण्याआधी प्रश्न कागदावर लिहा, प्रश्नचिन्हासकट. मग लेखाचा पहिला परिच्छेद वाचा, अनुक्रमणिकेतून नेमक्या विभागात जा, कंट्रोल-एफ दाबून 'रसद' शोधा, आणि तळाच्या संदर्भांतून एखादं पुस्तक टिपून बाहेर पडा. वाटेत भुरळ घालणारा दुवा नव्या टॅबमध्ये उघडू नका. इथेच सगळं फिसकटतं, कारण उघडा टॅब सतत खुणावत राहतो. तो शब्द त्याच कागदावर खाली लिहा. काम झाल्यावर त्यातले निम्मे शब्द नकोसे होतात. संगणकावर दुव्यावर माउस नेला की छोटी झलक उघडते, तीही त्याच चौकटीतल्या दातेरी चाकाच्या चिन्हातून बंद करता येते.

मराठी वाचकांची एक वेगळी अडचण आहे. मराठी लेख पुष्कळदा दोन परिच्छेदांत संपतो, मग भाषांच्या यादीतून इंग्रजी लेखावर जावं लागतं, आणि तिथे दुव्यांची दाटी. प्रश्न हातात नसेल तर माणूस इथे हमखास वाहवतो.

अशा वेळी मी मराठी विश्वकोश सुचवेन. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. आता तो ऑनलाइन आहे. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आणि बऱ्याच नोंदी स्वयंपूर्ण असल्यामुळे एका बैठकीत वाचून होतात. फक्त जुन्या खंडांतली लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे आजचे म्हणून वापरू नका.

नुसतं भटकायलाही माझी ना नाही. रविवारी दुपारी विकिपीडियावरचा, कुठलाही एक लेख समोर आणणारा 'अविशिष्ट लेख' हा दुवा दाबत बसण्यात खरा आनंद आहे. आणि आपलं लिखाण झाल्यावर मराठी लेखात रसदेबद्दल काहीच नाही असं दिसलं, तर वाचलेल्या पुस्तकाचा पृष्ठ क्रमांक देऊन चार ओळी तिथे घाला. संपादनाचं बटण त्याच पानावर वर आहे.