खर्रा घोटून येईपर्यंत

तालुक्याला कॉम्प्युटरचं प्रशिक्षण असलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: खुर्चीवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबा, पडद्याला कुलूप लागतं. ऐकून घ्या. हजेरीवर सही करा, आलुबोंडा खा, एसटी धरा. गावात आल्यावर मात्र तो उद्योग करू नका.

आमच्या ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरनं एकदा केला. यवतमाळ जिल्ह्यातलं आडवळणाचं गाव, पानठेला ऑफिसच्या अगदी समोर. पोरगा पडद्याला कुलूप लावून खर्रा घोटायला गेला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून फळीवर घोटायचं, वर चार गप्पा, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं गेलीच. परत येऊन पाहतो तर बाकावर पाच जण तोंड फुगवून बसलेले. "काहून बे, कुलूप कायले लावलं? आमी का चोर हाओत?" घराचा नमुना ८ न्यायला आलेले एक आजोबा कागद न घेताच उठून गेले. पुढं आठ दिवस पोराच्या रामरामाला कोणी नीट रामराम केला नाही.

तुम्हाला गावात राहायचं आहे ना? मग सेटिंगमध्ये जा आणि पडदा किती वेळानं बंद व्हावा या प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर देऊन मोकळे व्हा. डेस्कटॉपवर गजानन महाराजांचा फोटो लावा, बाकीचं ते पाहून घेतील. पासवर्ड ठेवावाच लागला तर कागदावर ठळक लिहून मॉनिटरच्या कपाळी चिकटवा, वरून टेप मारा. नाहीतर पंख्यानं उडतो आणि सगळ्या गावाची पंचाईत होते. आमच्या कागदावर पासवर्डखाली वीजबिलाचा ग्राहक क्रमांक आहे, सिलिंडरवाल्याचा मोबाइल आहे आणि त्याखाली सरपंचांच्या डिजिटल सहीचा पिन आहे. त्या सहीकडे येतोच.

शहरातल्या लोकांना मोकळ्या कॉम्प्युटरची भलतीच धास्ती. कारण काय, तर २०१३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात रॉस उल्ब्रिक्ट नावाचा इसम लॅपटॉप उघडून बसला होता. सिल्क रोड नावाचा नशेच्या मालाचा ऑनलाइन बाजार चालवायचा. साध्या कपड्यातल्या दोन पोलिसांनी त्याच्या पाठीमागं नवरा-बायकोसारखं भांडण काढलं, यानं मान वळवली, तेवढ्यात लॅपटॉप पोलिसांच्या हातात. चालू, उघडा, कुलूप न लावलेला. एवढा खटाटोप! आमच्याकडे भांडणाचीही गरज नाही, पानठेला पुरतो.

त्या अटकेचा धसका घेऊन २०१५ मध्ये यूएसबीकिल नावाचं सॉफ्टवेअर निघालं. यूएसबीच्या भोकात काही घातलं किंवा काढलं की कॉम्प्युटर तडक बंद. आमच्या ऑफिसात हे टाकलं तर सकाळी चालू केलेलं मशीन दुपारपर्यंत पन्नासदा बंद पडेल. रोजगार सेवकाचा पेनड्राइव्ह आत, आशाताईंचा मोबाइल चार्जिंगला, कोणाच्या पोरीची पत्रिका छापायला आलेली, तर कोणाला फक्त गाणी भरून पाहिजेत. याच जातीची बसकिल नावाची दोरी आहे. एक टोक लॅपटॉपच्या यूएसबीत, दुसरं आपल्या अंगाला, मध्ये चुंबकाचा जोड. लॅपटॉप कोणी ओढला की जोड सुटतो आणि पडद्याला कुलूप. म्हणजे करदोडाच की! करदोड्याला किल्ली अडकवायची अक्कल आपल्या आजोबांनाही होती. पण ती किल्ली धान्याच्या कोठीची असायची, चोरीला जाण्यासारख्या वस्तूची. कॉम्प्युटरमध्ये काय आहे? घरटॅक्स, दाखले आणि गावाचा पैसा.

विंडोज १० मध्ये २०१७ साली आणखी एक सोय आली. आपला मोबाइल ब्लूटूथनं कॉम्प्युटरशी जोडून ठेवायचा. मोबाइल खिशात घालून तुम्ही लांब गेलात की थोड्या वेळात पडद्याला आपोआप कुलूप. आमच्या ऑपरेटरनं उत्साहानं चालू केली. पण गावात लाइन नसताना इन्व्हर्टर एवढ्या एका टेबलापुरताच, त्यामुळं त्याचा मोबाइल कायम कॉम्प्युटरशेजारीच चार्जिंगला. पोरगा ठेल्यावर, मोबाइल टेबलावर, आणि कॉम्प्युटरची पक्की समजूत की मालक खुर्चीतच बसलेला आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या हेरगिरीची कागदपत्रं फोडणारे एडवर्ड स्नोडेन वगैरे मंडळींनी हेवन नावाचं ॲप आणलं. जुना अँड्रॉइड मोबाइल राखणीला ठेवायचा, हालचाल झाली, आवाज आला, उजेड बदलला की तो तुम्हाला कळवतो. ऑफिसात दिवसातून चारदा शेळी येते. जाऊ द्या.

कोणी हुशार म्हणेल, निदान पासवर्ड तरी आहे ना! आहे, पण तो दाराच्या पडद्यासारखा. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की सगळं वाचता येतं, पासवर्ड विचारायला कोणी जागेवर नसतं. खरा उपाय म्हणजे अख्खी डिस्क कूटबद्ध करणं, म्हणजे किल्लीशिवाय कोणाला वाचताच येऊ नये अशी करून ठेवणं. विंडोजमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे. मात्र ते चालू केलं की हाती येते ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडल्या वेळी डिस्क उघडायचा आकडा. ४८ अंक मॉनिटरच्या कपाळी मावत नाहीत, त्याला भिंत लागते, आणि आमच्या भिंतीवर गाव हागणदारीमुक्त झाल्याचं आधीच रंगवलेलं आहे.

शिवाय कूटबद्ध करूनही सुटका नाही म्हणतात. पोलंडच्या कॉम्प्युटर-सुरक्षा संशोधक योआना रुत्कोव्स्का यांनी २००९ साली दाखवलं, की हॉटेलात झाडलोट करणाऱ्या बाईला तुमचा बंद लॅपटॉप दोन मिनिटं एकटा मिळाला तरी ती पेनड्राइव्हवरून चोरटा प्रोग्राम पेरून जाऊ शकते. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला की तो टिपला जातो. दुष्ट मोलकरणीचा हल्ला, असं त्याचं नाव. आमच्या ऑफिसात झाडणाऱ्या काकूंच्या कानावर हे गेलं तर त्या झाडू टाकून निघून जातील, आणि बरोबर करतील. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की वीज बंद केल्यावरही मेमरी चिपमधला मजकूर लगेच पुसला जात नाही. चिप चांगली गार केली तर मिनिटंच्या मिनिटं टिकतो, आणि त्यातून डिस्कची किल्ली उचलता येते. आता मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात, आमच्या टिनाखाली कोणी चिप गार करून दाखवावी! कूलरमध्ये टाकायला पाणी नाही. अनुशेष म्हणून विदर्भाच्या नावानं इतकी वर्षं ओरड आहे, या एका बाबतीत तो उन्हानंच भरून काढला.

आता सही. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरून काढायचा तर दोन डिजिटल सह्या लागतात. एकानं बिल तयार करायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. एक ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), एक सरपंच. सही म्हणजे यूएसबी टोकन, दिसायला पेनड्राइव्हच. सहीची गुप्त किल्ली त्याच्या पोटात असते, ती कॉपी करून नेता येत नाही, आणि वापरायला पिन लागतो. वस्तू ज्याच्या खिशात, आकडाही त्याच्याच डोक्यात, असा हिशेब. आमच्याकडे दोन्ही टोकनं एका सुतळीत ओवून ट्रॅक्टरच्या चावीशेजारी खिळ्याला टांगलेली असतात. ऑपरेटर उजव्या हातानं बिल तयार करतो, डाव्या हातानं मंजूर करतो. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी म्हणून दोन सह्या, तर त्याचे दोन्ही हात एकमेकांवर नजर ठेवून असतातच.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी कलम सांगून तुम्हाला कोणी घाबरवेल. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय एक लाखापर्यंत दंड. घाबरू नका, आधी 'दुसरा' कोण ते ठरवा. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या सरपंच बाईच आहेत, पण गावात 'सरपंच' अशी हाक मारली की ओ देतात त्यांचे यजमान. टोकन बाईंच्या नावाचं, पिन यजमानांच्या जन्मसालाचा. नवऱ्यानं बायकोची सही केली तर तिला लबाडी कशी म्हणायची? आमच्याकडे त्याला संसार म्हणतात.

सगळं असं सुरळीत चालू होतं. मागच्या महिन्यात एका दुपारी ऑपरेटर ठेल्यावर असताना बाई ऑफिसात आल्या. कॉम्प्युटर नेहमीसारखा उघडा. खुर्चीत बसल्या, खिळ्यावरचं टोकन काढून लावलं, मॉनिटरवरचा कागद वाचला, जुना पिन टाकला आणि नवा बसवला. टोकन पुन्हा खिळ्याला अडकवलं. काकूंना म्हणाल्या, "फडकं मारत जा बाई इथं, किती धूळ हाय," आणि गेल्या.

संध्याकाळी नालीच्या बिलाची घाई होती. नाली अजून खणायची आहे, पण घाई बिलाची होती. यजमानांनी स्वतःचं जन्मसाल टाकलं. चुकलं. मोठ्यानं वाचत पुन्हा टाकलं. मग पोराचं जन्मसाल, मग लग्नाचं. या टोकनांचा एक गुण आहे, ठराविक वेळा पिन चुकला की ती स्वतःलाच कुलूप लावून घेतात. यानंही लावलं.

तेव्हापासून आमच्या गावाइतकं सुरक्षेचं भान जिल्ह्यात कोणाला नसेल. ऑफिसच्या दाराला नवं कुलूप आलं, 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही' अशी पाटी आली, कॅमेऱ्याचं कोटेशन मागवलं. परवा ऑपरेटर ठेल्यावर भेटला. पन्नी घोटता घोटता हळूच म्हणाला, "दादा, सरपंचबाई रोज येऊन कॉम्प्युटरले हात लावून रायल्या. असं एकादं सॉफ्टवेअर नसते का, आपण उठलो का कोनी आत घुसलं नाई पायजे?"

म्हटलं, आहे ना. विंडोजची कळ आणि एल.

लगेच पळत गेला, दाबून आला. पासवर्डचा कागद मॉनिटरच्या कपाळी होता तिथंच आहे, आणि बाई दहावी पास आहेत.