खुलासा : हळू चालवल्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड राहत नाही

खडकाळ चढावर गाडी हळू चालवली की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापत नाही आणि तापलाच तर इंजिन ताबडतोब बंद करावे, असा सल्ला सध्या फिरत आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. अगदी कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) सहसा लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, त्यामुळे इंजिनाची बरीच शक्ती तेल घुसळण्यातच खर्च होऊन तिची उष्णता बनते, शिवाय हे तेल थंड करणाऱ्या कूलरवर वाराही पुरेसा लागत नाही. चाक दगडाला अडलेले असताना ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर तेल पाहता पाहता तापते. अशा वाटेवर लो रेंजच (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतले कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) वापरावी. इशाऱ्याचा दिवा लागल्यास सपाट जागी थांबून, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू राहू द्यावे, कारण तेल कूलरकडे ढकलणारा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावरच फिरतो (पुस्तिकेत वेगळी सूचना असल्यास अर्थातच तीच पाळावी).